मुलांची चिंता : ओळख घरातच व्हावी
‘एनसीईआरटी’च्या २०२२ मधील पाहणीत सहावी ते बारावीच्या ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल ही चिंतेची कारणे सांगितली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थांत समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. मात्र मूल त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्याची चिंता आधी पालक व शिक्षकांच्या लक्षात यायला हवी. मूल ‘भीती वाटते’ असे क्वचितच म्हणते; शाळेच्या वेळी त्याचे पोट दुखते, झोप उडते, चिडचिड वाढते. वारंवार शाळा चुकवू दिल्यास तात्पुरता दिलासा मिळतो, पण भीती बळावते. त्याचे ऐकून घेत लहान टप्प्यांनी तिला सामोरे जाण्यास बळ देणे हिताचे. लक्षणे टिकल्यास ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.