प्रक्षिप्त चित्रे

गेल्या भाऊबिजेची गोष्ट. फराळ आटोपून आम्ही सारे नव्या टीव्हीपुढे ‘श्यामची आई’ पाहायला बसलो. अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा. पाच मिनिटे झाली नाहीत तोच ताई म्हणाली, “अरे, ही श्यामची आई की संध्याकाळची मालिका?”

खरेच! माणसे तीच, शब्द तेच. पण वनमालाबाई कोकणातल्या घरात नव्हे, कुठल्याशा स्टुडिओत वावरत आहेत असे वाटत होते. पुतण्या मात्र अभिमानाने म्हणाला, “काका, बघा किती गुळगुळीत चालतंय!”

माझे भांडण आहे ते या गुळगुळीतपणाशी.

बोलपट स्थिरावल्यापासून चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालत आला आहे. आजचा टीव्ही सेकंदाला ६० किंवा १२० चित्रे दाखवू शकतो. १२० वाल्याने प्रत्येक चित्र पाच वेळा दाखवावे, म्हणजे झाले. पण ‘मोशन स्मूदिंग’ चालू असले की यंत्र दोन चित्रांमधली हालचाल अंदाजाने ताडते आणि मध्ये आपली चित्रे घुसडते. १२० पैकी ९६ पर्यंत चित्रे यंत्राची! अंदाज चुकला की हलत्या हाताभोवती धूसर वलय उमटते, ते वेगळेच.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात पदरची ओवी घालणाऱ्याला बजावून ठेवले. इथे तर दर ओवीमागे चार ओव्या प्रक्षिप्त!

कोणी म्हणेल, २४ हा आकडा काही वेदवाक्य नव्हे. कबूल. तो व्यवहारातून ठरला. पण ओवीचे माप तरी कुठे आकाशातून पडले होते? कलावंताने ते पत्करले आणि त्यात आपली रचना बसवली. ज्याला अधिक चित्रे हवीत त्याने ती स्वतः घ्यावीत. पीटर जॅक्सनने २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ ४८ चित्रांनी टिपला. बऱ्यावाईटाचा धनी तो. टीव्ही बनवणाऱ्याला हा अधिकार कोणी दिला?

२०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वारी यांनी प्रेक्षकांना ही करामत बंद करण्याची विनंती केली. २०१९ मध्ये ती बंद ठेवणारा ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. तरीही पुष्कळ टीव्ही घरी येतात ते ही करामत चालू ठेवूनच. म्हणजे दोष पदरात आधी, उपाय मात्र आपण शोधायचा!

क्रिकेटला ती खुशाल ठेवा. चित्रपटाला मात्र नको. सेटिंगमध्ये चित्राच्या यादीत ‘मोशन’ नावाचे काहीतरी सापडेल. ते बंद करा. आम्ही केले, आणि ताईने पदराने डोळे पुसले.

वाचकहो, दिवाळीला घरातली जळमटे काढताच ना? मग टीव्हीतलेही हे एक काढून टाका.