नाव नोंदवले, जपणार कोण?

एखाद्या तालुक्याच्या गावातील शंभरी ओलांडलेले सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर आणावे. दुर्मीळ ग्रंथांची सूची, देणगीदारांची नावे, व्याख्यानमालेचा इतिहास असे सारे काही उत्साही कार्यकर्त्यांनी रात्री जागवून संकेतस्थळावर चढवलेले आहे. उद्घाटनाला नारळ फुटला, वृत्तपत्रांत छायाचित्र आले. पुढे चार-पाच वर्षांनी एका सकाळी संकेतस्थळ उघडेनासे होते. आठ-दहा आठवड्यांनी त्याच पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकू लागते. चौकशीअंती कळते ते एवढेच, की ज्या कार्यकर्त्याने स्वतःच्या नावाने नोंदणी केली होती, तो नोकरीनिमित्त परगावी गेला; नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या, बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिल्या आणि हजाराच्या आसपासची वार्षिक रक्कम भरायची राहून गेली. कार्यकारिणीत कोणाचाही हेतू वाईट नव्हता. नावाची जबाबदारी मात्र कोणाकडेच नव्हती.

हे चित्र कल्पनेतले असले तरी संस्थाजीवनाशी संबंध असलेल्या कोणालाही ते अपरिचित वाटणार नाही. असा विसर केवळ गावाकडच्या संस्थांनाच पडतो असेही नाही. १९९९च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या सुट्टीत, मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीने आपल्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे अवघे ३५ डॉलरचे शुल्क भरले नाही आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना आपली टपाल-खाती उघडता येईनात. शेवटी एका अमेरिकन संगणक-तज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ते शुल्क भरले. २००३ साली याच कंपनीच्या हातून हॉटमेलचे ब्रिटनमधील नावही काही काळ निसटले. दारावर पहारेकरी असतात, हिशेबाला लेखापाल असतात. नावाची तिथी लक्षात ठेवणारा मात्र कोणी नसतो, हा त्यातील धडा आहे.

मुळात डोमेन नाव म्हणजे काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. महाजालावरील प्रत्येक संगणकाची ओळख आकड्यांची असते. ते आकडे माणसाच्या स्मरणात राहत नाहीत, म्हणून नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने आखली. १५ मार्च १९८५ रोजी डॉट कॉममधील पहिले नाव नोंदले गेले. आज जगातील या नामव्यवस्थेचे समन्वयन १९९८ साली स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही संस्था करते. तिच्याखाली प्रत्येक प्रकारच्या नावाचे मूळ दप्तर सांभाळणारी एक ‘रजिस्ट्री’ असते, रजिस्ट्रीच्या वतीने नावांची विक्री करणारे ‘रजिस्ट्रार’ असतात आणि शेवटी ज्याच्या नावाने नोंद होते तो ‘नोंदणीधारक’.

येथेच बहुतेकांची पहिली गफलत होते. नाव ‘विकत घेतले’ असे आपण सहज बोलतो. वस्तुतः ते विकत मिळतच नाही. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने वापरावयास मिळते. जमिनीच्या भाषेत बोलायचे तर हा खरेदीखताचा व्यवहार नसून भाडेपट्ट्याचा आहे. दुसरी गफलत अशी की, संकेतस्थळाची पाने ज्या संगणकावर ठेवलेली असतात ती जागा आणि डोमेन नाव या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लक्षात घेतले जात नाही. जागेचे भाडे भरले म्हणजे नावाचेही भरले गेले, असे मानून अनेक संस्था निश्चिंत राहतात. घर शाबूत असते, पण घराचा पत्ताच दुसऱ्याच्या हाती जातो.

मुदत संपली म्हणजे नाव लगेच जाते असे नाही. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत मुदतीपूर्वी सुमारे एक महिना व एक आठवडा अशा दोन आणि मुदत संपल्यावर एक सूचना देण्याचे बंधन रजिस्ट्रारवर आहे. मुदतीनंतर रजिस्ट्रारच्या नियमांनुसार काही दिवसांची, जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंतची सवलत मिळू शकते. त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून नाव सोडवून घेता येते. पुढे पाच दिवसांत ते दप्तरातून पुसले जाते आणि जो प्रथम येईल त्याचे होते. अशा सुटलेल्या नावांवर डोळा ठेवून बसलेल्यांचा एक व्यवसायच जगभर उभा राहिला आहे. जुन्या, नामांकित संस्थेचे नाव त्यांना विशेष हवे असते. कारण लोकांचा विश्वास त्यात आयता मिळतो. नाव गेले की त्या नावाचा ईमेलही जातो. नवा धारक त्या पत्त्यावर येणारी पत्रे वाचू शकतो, संस्थेच्या अन्य खात्यांचे परवलीचे शब्द बदलून घेऊ शकतो, देणगीदारांना संस्थेच्याच नावाने पत्र पाठवू शकतो. म्हणजे प्रश्न दोन-चार पानांच्या संकेतस्थळाचा उरत नाही. तो पिढ्यान्पिढ्या मिळवलेल्या विश्वासाचा होतो.

न्यायालयात दाद मागता येणार नाही का? येईल. आपल्या न्यायालयांनी या विषयाची दखल फार लवकर घेतली. ‘रेडिफ’शी साधर्म्य साधणाऱ्या ‘रॅडिफ’ या नावाच्या प्रकरणात १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने डोमेन नाव हे केवळ इंटरनेटवरील पत्ता नसून व्यापारचिन्हासारखेच संरक्षणास पात्र आहे, अशी भूमिका घेतली. २००४च्या मे महिन्यात सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. डॉट इन नावांसाठी लवादाची स्वतंत्र व्यवस्थाही आहे. परंतु तेथे नावावरील आपला हक्क, समोरच्याचा हक्क नसणे आणि त्याचा दुर्हेतू या गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. ‘सार्वजनिक वाचनालय’ किंवा ‘विद्या प्रसारक मंडळ’ अशा सर्वसामान्य नावावर एकाच संस्थेचा हक्क कसा सिद्ध करणार? त्यातून नोंद मुळात संस्थेच्या नावे नव्हतीच, असे निघाले तर वकिलाचेही हात बांधले जातात. कायदा चोराला पकडू शकतो. घराचे दार उघडे टाकून झोपणाऱ्याची राखण तो करू शकत नाही.

म्हणूनच पहिला प्रश्न विचारायला हवा तो असा, की सातबाऱ्यावर नाव कोणाचे? अनेक संस्थांचे नाव संकेतस्थळ करून देणाऱ्या व्यावसायिकाच्या नावे असते, कोठे अध्यक्षांच्या भाच्याच्या, तर कोठे सेवाभावी तरुण कार्यकर्त्याच्या. संस्थेची इमारत कार्यकर्त्याच्या नावे करण्याचा विचारही कोणी करणार नाही. मग संस्थेचे नाव का केले जाते? विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल-अहवाल सादर करण्याची शिस्त महाराष्ट्रातील न्यासांना कायद्याने लागलेली आहे. पदाधिकारी बदलताना बँकेतील सह्या बदलल्या जातात, कपाटांच्या किल्ल्या दिल्या-घेतल्या जातात. त्या किल्ल्यांत ही एक किल्लीही असली पाहिजे.

या प्रश्नाला राष्ट्रीय बाजूही आहे. भारताचे स्वतःचे ‘डॉट इन’ हे नाव १९८९ सालीच जागतिक नामावलीत आले. प्रारंभी त्याची नोंदणी मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीमार्फत होत असे. नियम जाचक असल्याने ते कित्येक वर्षे रखडले. २००३ साली स्थापन झालेल्या ‘निक्सी’ या संस्थेकडे त्याचा कारभार आला, २००५ साली नोंदणी सर्वांना खुली झाली आणि त्यानंतर नोंदींची संख्या लाखांवर गेली. मात्र या दप्तराची तांत्रिक व्यवस्था सांभाळण्याचे काम तेव्हापासून परदेशी कंपन्यांकडेच जात राहिले, हेही विसरता कामा नये. संगणक-कौशल्याच्या निर्यातीचा अभिमान बाळगणाऱ्या देशाने यावर विचार केला पाहिजे.

२०२५ साली रिझर्व्ह बँकेने उचललेले पाऊल या दृष्टीने स्वागतार्ह आहे. बँकांच्या नावाने चालणारी फसवणूक रोखण्यासाठी सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली यावे, असा आदेश तिने दिला. ही नावे केवळ हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते आणि ती बँकांनाच देते. नागरी सहकारी बँकांचे जाळे महाराष्ट्रात मोठे असल्याने येथील सामान्य ठेवीदाराला याचे मोल अधिक आहे. पत्त्याच्या शेवटचे शब्द पाहून खऱ्या-खोट्याची पारख करण्याची सवय आता घराघरांत लागली पाहिजे.

आणि मायबोलीचे काय? २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव खुले झाले; मराठी आणि कोकणी धरून आठ भाषांना ते वापरता येते. ‘वाचनालय’ हा शब्द रोमन लिपीत चार जण चार प्रकारे लिहितील, देवनागरीत तो एकच राहील. म्हणजे स्वभाषेतील नाव हे केवळ अस्मितेचे नव्हे, तर सोयीचेही आहे. तरीही भाषेच्या अभिमानाची भाषणे करणाऱ्या किती संस्थांनी असे नाव घेतले, हे त्यांनी स्वतःलाच विचारावे. काही ईमेल-व्यवस्था अजून देवनागरी पत्ते स्वीकारत नाहीत, ही अडचण खरी आहे. ती मान्य करून दोन्ही नावे नोंदवावीत. एकाने दुसऱ्याकडे वाट दाखवावी. वापर वाढल्याखेरीज अडचणी दूर होत नसतात.

करावयाचे काम मोठे नाही. नोंदणी संस्थेच्या नोंदणीकृत नावानेच असावी. संपर्काचा ईमेल व्यक्तीचा नव्हे, पदाचा असावा आणि तो त्याच डोमेनवरचा नसावा. अन्यथा नाव बंद पडताच सूचनाही बंद पडतील. खाते दुहेरी पडताळणीने आणि हस्तांतरणाच्या कुलपाने सुरक्षित करावे व त्याची माहिती किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावी. मुदत शक्य तितकी दीर्घ घ्यावी. कार्डावरून शुल्क आपोआप कापले जाईल यावर विसंबू नये. कार्डाची मुदत संपते आणि २०२१च्या ऑक्टोबरपासून अशा कपातीला खातेदाराची रीतसर संमती लागते. ‘नूतनीकरण करा’ म्हणून येणारे प्रत्येक पत्र खरे नसते. आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन तिथी पाहावी, मगच पैसे भरावेत. खुर्च्या-कपाटांची नोंद होते त्या जडवस्तूंच्या नोंदवहीत डोमेन नावाची नोंद व्हावी आणि वार्षिक सभेच्या अहवालात त्याची मुदत कधी संपते, हे एका ओळीत सांगितले जावे.

संस्था उभारण्याची हौस मराठी समाजाला उपजतच आहे. ग्रंथालये, व्यायामशाळा, शिक्षणसंस्था, पतपेढ्या पूर्वजांनी काटकसरीने उभ्या केल्या आणि दप्तरे जिवापाड जपली. पै-पैचा हिशेब लिहिणाऱ्या त्या कार्यवाहांना संगणक ठाऊक नव्हता. पण संस्थेची वस्तू संस्थेच्याच नावे असावी आणि वेळच्या वेळी नोंद व्हावी, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आजच्या पिढीला त्यांच्यापेक्षा निराळे काही शिकायचे नाही. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत, विषयपत्रिकेवर नसला तरी, हा प्रश्न एका सभासदाने उभे राहून विचारावा: आपल्या संस्थेचे नाव आज कोणाच्या नावावर आहे? उत्तर देताना सभागृहात शांतता पसरली, तर कामाला त्याच दिवशी लागावे.