‘वीरधवल’ रद्दीत जाऊ देऊ नका

जागा अपुरी पडू लागली की वाचनालयात पहिली कुऱ्हाड कोसळते ती जुन्या कथा-कादंबऱ्यांच्या कपाटावर. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं हवीत, अभ्यासिकेत खुर्च्या वाढवायला हव्यात; दोन्ही गरजा खऱ्या आहेत. पण त्यापायी नाथमाधव, गो. ना. दातार, नारायण धारप आणि ना. सं. इनामदार ‘बाद’ यादीत जाऊन किलोवर विकले जाणार असतील, तर आपण सभासदांनी गप्प बसता कामा नये.

‘नुसती करमणूक’ म्हणून या पुस्तकांना फार काळ हिणवलं गेलं आहे. शिकारीला गेलेले नाथमाधव कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली लुळे झाले. अंथरुणावर खिळलेल्या या माणसाला पुस्तकांनीच तारलं. पुढे १९१३ साली त्यांची ‘वीरधवल’ आली आणि पिढ्यान् पिढ्या लोकांनी ती तहानभूक विसरून वाचली. गोष्टीची ओढ शास्त्रज्ञांनाही असते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉईल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहीत. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. आपल्या कीर्तीकडे न बघता परीक्षकांनी फक्त गोष्ट वाचावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ‘कृष्णविवर’ला बक्षीस मिळालं. विश्वाचं गणित मांडणाऱ्या माणसाला गोष्ट रंगवण्यात कमीपणा वाटला नाही. मग ती वाचण्यात आपल्याला का वाटावा?

कपाटातली एखादी प्रत काढून बघा. रेक्झिनची बांधणी, कण्यावर पांढऱ्या शाईतला दाखल क्रमांक, शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीत एकमेकांवर चढलेले तारखांचे शिक्के. ऐन रंगाच्या जागी समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, ‘पुढचं कुणाला सांगू नका!’ त्या अनोळखी वाचकाशी आपली तिथल्या तिथे गट्टी जमते. नव्या आवृत्तीत हे मिळायचं नाही, आणि कित्येक पुस्तकांची तर नवी आवृत्तीच निघत नाही.

म्हणून एक करा: देवघेव विभागात जाऊन ही पुस्तकं मागा. सहा-सहा वर्षं न हललेलं पुस्तक ग्रंथपालांनी कितीही जीव लावला तरी कार्यकारिणीपुढे टिकत नाही. चिठ्ठीवरचा ताजा शिक्का त्याला वाचवतो. बाद करायच्या पुस्तकांची यादी आधी सूचनाफलकावर लावा, असा अर्ज द्या. वार्षिक सभेला जा, तिथे बोला. बांधणीसाठी पैसे लागतील, ते चारचौघांनी मिळून भरा.

आणखी एक काम तरुणांनी अंगावर घ्यावं. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. नाथमाधव १९२८ साली गेले, दातार १९४१ साली. त्यांच्या जुन्या आवृत्त्या स्कॅन करायला कायद्याची आडकाठी नाही. पानं कडांनी तुटू लागली आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आणि घरात एखादी मुलगी जेवण गार करून भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नमध्ये बुडाली असेल, तर ‘यातून काय शिकलीस?’ असं विचारू नका. तिच्या नावानं वाचनालयात वर्गणी भरा आणि पुढचं पुस्तक तिचं तिला निवडू द्या.