तिसऱ्या दुधाला शब्द नाही

आमच्या मुलीच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका मावशींनी पहिलाच प्रश्न विचारला, "अंगावर पिते, की वरचे देता?" प्रश्न साधा होता, मायेचा होता आणि मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेलेला होता. आम्हां दोघांनाही त्याचे उत्तर देता आले नाही. मुलगी २९व्या आठवड्यात जन्मलेली, वजन १,१२० ग्रॅम, नवजात अतिदक्षता विभागातल्या काचेच्या पेटीत. दूध तिच्या आईचेच होते. पण ते नाकातून जठरापर्यंत गेलेल्या नळीतून उतरत होते. म्हणजे ते अंगावरचे नव्हते आणि वरचेही नव्हते. आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. आपल्या भाषेत या तिसऱ्या दुधाला शब्द नाही, हे आम्हांला रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभे असताना कळले.

त्या रुग्णालयात दूध काढण्यासाठी एक खोली होती आणि तिच्या दारावर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी होती. एस.टी. स्थानकांवर, सरकारी कचेऱ्यांत ही पाटी आता महाराष्ट्राच्या परिचयाची आहे आणि स्तनदा मातांना आडोसा मिळावा हा तिचा हेतू चांगलाच आहे. परंतु आख्यायिकेतली हिरकणी रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर कडा उतरून भुकेल्या तान्ह्याकडे गेली. आमच्या हिरकणी कक्षात बसलेल्या बायकांचे तान्हे पन्नास पावलांवर होते. तेथवर जाऊनही त्यांना पाजता आले नसते. दर तीन तासांनी त्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर येऊन बसत, स्टीलच्या वाटीत दूध काढत, वाटीला नावाची चिठ्ठी चिकटवत आणि ती परिचारिकेच्या हाती देऊन परत जात.

ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांची लय अर्भकाला साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास साधते. (लय या विषयावर वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्या आम्हां दोघांना ही लय ठाऊक नव्हती.) ती साधण्यापूर्वी तोंडात दूध घातले तर ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते, म्हणून नळी. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तेथून छातीच्या हाडाचे टोक व बेंबी यांच्या मध्यापर्यंत, असे तिचे माप घेतात. सिरिंजचा दट्ट्या काढून नळकांडे वर धरले की दूध आपल्या वजनाने उतरते. हात जितका उंच तितका वेग अधिक. आमच्या मुलीला आरंभी दर दोन तासांनी २ मिलिलिटर दूध मिळे. त्याआधी नळीतून ओढून पाहत. हिरवट काही आले की दूध बंद, पुन्हा सलाईन. अशा वेळी फळ्यावर लिहिले जाई, 'फीड टॉलरेट केले नाही.' हे वाक्य आम्ही फार दिवस मनात घोळवले. जिला डोळेही नीट उघडता येत नव्हते ती या वाक्यात कर्ता होती, आणि आईचे दूध ही तिने सहन करावयाची गोष्ट होती. वाक्य लिहिणाऱ्या परिचारिकेचा त्यात दोष नाही. तिच्याकडे दुसरे वाक्य नव्हते आणि आम्हीही तिला सुचवू शकलो नाही.

आमची तक्रार खरे तर आमच्याच विषयाशी आहे. मराठी साहित्यातले आईपण दुधाशी इतके एकजीव झालेले आहे की 'पान्हा' हा शब्द उच्चारला की अर्थ सांगावा लागत नाही. संतांच्या रूपकांत देवाला पान्हा फुटतो, ओव्यांत गाईला फुटतो, कथाकादंबऱ्यांत निष्ठुर झालेल्या स्त्रीलाही अखेरच्या पानावर फुटतो. तो आपोआप फुटतो, यातच त्याचे सगळे मोल आहे असे आपण शिकवतो. वात्सल्य खरे असेल तर दूध येतेच, हे समीकरण त्यातून आपोआप तयार होते. वास्तविक पान्हा हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा खेळ आहे. बाळाचे ओढणे, त्याचा स्पर्श, त्याचे रडणे यांनी तो चाळवतो आणि भीतीने, वेदनेने अडतो. बाळ काचेआड, रडणे ऐकू येत नाही, स्पर्शाला परवानगी नाही. पहिल्या दिवशी आमच्यातल्या आईच्या वाटीच्या तळाशी चिकाचे जेमतेम काही थेंब जमले. शेजारच्या स्टुलावरच्या बाईंची वाटी कोरडीच राहिली आणि त्या म्हणाल्या, "माझंच काहीतरी कमी पडतंय." त्यांनी साहित्य वाचले असेल वा नसेल, समीकरण त्यांच्यापर्यंत पोहोचले होते.

मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. परक्या आईचे निर्जंतुक केलेले दूध परक्या बाळाच्या नळीत जाते, ही गोष्ट महाराष्ट्रात इतकी वर्षे घडत आहे. तिच्यावरची एखादी कथा आपण वर्गात शिकवली आहे काय? आम्ही तरी नाही.

मात्र आपल्या परंपरेत एक आई अशी आहे जी पाजत नाही. कासवी. पिले एका तीरावर, ती दुसऱ्या तीरावर. कुशी नाही, स्तन नाही, केवळ दृष्टीने ती त्यांना पोसते, ही कल्पना संतांच्या अभंगांत पुन्हा पुन्हा येते. ईश्वरी कृपेचा दृष्टान्त म्हणून ती आम्ही अनेकदा समजावून दिली होती. काचेपाशी उभे राहिल्यावर ती आम्हांला अतिदक्षता विभागाचे वर्णन वाटू लागली. आम्ही पाहत होतो, त्याखेरीज काही करत नव्हतो. प्राणिशास्त्र अर्थातच संतांच्या बाजूने नाही. वेळासच्या किनाऱ्यावर कासवी वाळूत अंडी घालून समुद्रात परतते ती पिलांकडे फिरकतही नाही; गावकरी ती अंडी जाळीच्या कुंपणात पुरून राखतात.

नुसत्या दृष्टीने पोषण होत नाही, हे आम्हांलाही कळत होते. आमच्यातल्या बापाला दिवसातून दहा मिनिटे काचेतून दर्शन मिळे, त्यापलीकडे 'पुरुषांना प्रवेश नाही'. कोलंबियातल्या बोगोटा येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस, काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून, डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीवर बांधली. त्यातून 'कांगारू' पद्धत आली. अशा बाळांना जन्मल्यापासूनच त्वचेचा स्पर्श द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले. आपल्या केंद्र सरकारनेही २०१७ साली नवजात कक्षांत कुटुंबाला शुश्रूषेत सामील करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. कागद आहे, दार बंद आहे. संसर्गाचे कारण सांगितले जाते; पण हात धुण्याची शिस्त बापाला शिकवता येत नाही असे थोडेच आहे? एका रात्री गर्दी कमी असताना एका परिचारिकेने त्याला आत घेतले, हात दोनदा धुवायला लावले आणि दुधाची सिरिंज त्याच्या हातात दिली. "उंच नको, हळू जाऊ द्या," एवढेच ती म्हणाली. ८ मिलिलिटर उतरायला पंधरा मिनिटे लागली. बापाने मुलाला पाजले, असे मराठीत म्हणता येते का, यावर आम्ही दोघांनी नंतर बराच वाद घातला.

३४व्या आठवड्यानंतर नळी काढण्याचा प्रयत्न झाला. दोन घोटांत ठसका लागला, ओठ निळे झाले, यंत्र ओरडू लागले आणि नळी परत आली. आठ दिवसांनी पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी बोंडल्याने, कडेकडेने, थेंब थेंब. घरी येताना वजन २,०१० ग्रॅम होते.

मावशी पुन्हा आल्या आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. बोंडल्याने पिते, असे आम्ही सांगितले. त्यांचा चेहरा उजळला. आमच्या घरातले बोंडले चांदीचे होते, म्हणाल्या, शोधून पाठवते.