सुटकेनंतरचा पत्ता

रायपूरच्या जयस्तंभ चौकातून रोज हजारो माणसे ये-जा करतात. सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी याच जागी फाशी दिली, असे मानले जाते. १८५६च्या दुष्काळात त्यांनी एका व्यापाऱ्याच्या कोठारातले धान्य उपाशी रयतेला वाटले. तत्कालीन सरकारच्या लेखी ही लूट होती. त्यासाठी त्यांना रायपूरच्या तुरुंगात डांबण्यात आले आणि १८५७च्या ऑगस्टमध्ये ते तिथून निसटले. आज नवा रायपूरच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदानाला त्यांचेच नाव आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी. ज्या राज्याचा सर्वांत आदरणीय पुरुष सरकारी कागदांत ‘फरारी कैदी’ होता, त्या राज्याला तुरुंगातून आलेल्या माणसाकडे पाहण्याची थोडी निराळी दृष्टी असायला हवी, असे मला नेहमी वाटत आले आहे. तशी ती दिसत नाही.

या चौकापासून फार दूर नसलेल्या मध्यवर्ती कारागृहाचे दार बहुधा संध्याकाळी उघडते. दिवसभरात न्यायालयाचे आदेश पोहोचतात, नोंदवह्यांत सह्या आणि अंगठे होतात आणि दिवेलागणीच्या सुमारास माणसे बाहेर येतात. हातात एक पिशवी, जमा असलीच तर मजुरीची थोडी रक्कम आणि गावापर्यंतचे भाडे. घरचे कुणी न्यायला आले असेल तर प्रश्न तेवढ्यापुरता मिटतो. नसेल तर भाठागावच्या बसस्थानकाची वाट विचारावी लागते, कारण आठ-दहा वर्षांपूर्वी आत गेलेल्याच्या डोक्यात अजून पंडरीचेच बसस्थानक असते. जगदलपूर इथून सुमारे तीनशे किलोमीटर, सुकमा त्याहून पुढे. त्या रात्री तो माणूस कुठे झोपला, याची नोंद कोणत्याही खात्याच्या वहीत नसते.

ही नोंद ठेवणे माझ्याही कधी मनात आले नव्हते. नव्वदच्या दशकात, छत्तीसगढ वेगळे होण्यापूर्वी, मी मध्य प्रदेशातल्या एका जिल्ह्यात होतो. जिल्हा दंडाधिकारी हा पदसिद्ध कारागृह अभ्यागत असतो, त्यामुळे तुरुंगाला भेट देणे हा कामाचा भाग होता. स्वयंपाकघर पाहायचे, डाळीची चव घ्यायची, तक्रारी ऐकायच्या आणि अभिप्रायाच्या वहीत चार ओळी लिहायच्या. असे मी अनेकदा केले. एके दिवशी जनसुनावणीत चाळिशी ओलांडलेला एक माणूस उभा राहिला. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगून तो सुटला होता. आत सुतारकाम शिकला होता आणि काम चांगले करत असावा, कारण तुरुंगाने तसे प्रमाणपत्र दिले होते. त्याचे म्हणणे साधे होते. घरच्या शिधापत्रिकेवरून त्याचे नाव गेले होते, मतदार यादीतून गेले होते आणि वडिलांच्या पश्चात जमीन भावांच्या नावे झाली होती. पटवाऱ्याने, म्हणजे महाराष्ट्रातल्या तलाठ्याने, वारसांच्या नोंदीत त्याचा उल्लेखच केला नव्हता. “साहेब, मी जिवंत आहे एवढे लिहून द्या,” असे तो म्हणाला.

मी अर्जावर ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा मारला. हा शेरा आम्ही दिवसातून शंभर वेळा मारतो. त्यात काही चूक नसते आणि बहुतेकदा काही घडतही नाही. अर्ज खालच्या कार्यालयात गेला. तिथून रहिवासाचा पुरावा मागण्यात आला. भाऊ घरात घेत नव्हते, म्हणून रहिवास नव्हता, आणि रहिवास नाही म्हणून पत्रिका नाही. पाच-सहा महिन्यांनी मी तुरुंगाच्या भेटीला गेलो तेव्हा तो मला आत दिसला. तांब्याच्या तारेची चोरी. मला पाहून तो ओळखीचे हसला, त्याने तक्रार अशी केलीच नाही. त्या दिवशी वहीत काय लिहावे ते मला सुचले नाही, म्हणून नेहमीसारखेच ‘व्यवस्था समाधानकारक’ लिहिले.

त्याने पुन्हा गुन्हा केला, हे खरेच आहे, आणि त्याची जबाबदारी त्याची होती. पण पहिल्या शिक्षेने त्याला सुतार बनवले होते आणि नंतरच्या सहा महिन्यांनी चोर. त्या सहा महिन्यांत राज्यसंस्था त्याला भेटली ती फक्त माझ्या शेऱ्यापुरती. सुटलेल्या कैद्याचे पुनर्वसन म्हटले की आपण लगेच मानसिकता, समाजाचा दृष्टिकोन, संस्कार अशा मोठ्या शब्दांकडे वळतो. माझा अनुभव सांगतो की पहिला अडथळा पत्त्याचा असतो. पत्ता नसेल तर शिधापत्रिका, बँक खाते, रोजगार हमीचे कार्ड यांपैकी काहीच नीट उभे राहत नाही. ज्याच्या हाती कागद नाही त्याला काम देणारा ठेकेदार मजुरीही अर्धीच देतो.

छत्तीसगढमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २४ एप्रिल २०१७ रोजी सुकमा जिल्ह्यातील बुर्कापाल येथे माओवाद्यांनी केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या २५ जवानांची हत्या केली. त्या प्रकरणात आसपासच्या गावांतील आदिवासींना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यासह अनेक कलमांखाली अटक झाली. जुलै २०२२मध्ये दंतेवाड्याच्या विशेष न्यायालयाने १२१ जणांची निर्दोष मुक्तता केली, कारण हल्ल्यात त्यांचा सहभाग होता असे दाखवणारा पुरावाच नव्हता. तोवर पाच वर्षे गेली होती आणि एक जण तुरुंगातच मरण पावला होता. मारल्या गेलेल्या जवानांच्या कुटुंबांनाही यातून न्याय मिळाला नाही, हे वेगळे सांगायला नको. जे सुटले, त्यांतील अनेकांना न्यायालयाची हिंदी धड कळत नव्हती. शेती पडीक, बैल विकलेले, वकिलासाठी कर्ज, अशा स्थितीत घरी परतणाऱ्या निर्दोष माणसासाठी राज्याकडे कोणती योजना होती? कोणतीच नाही.

आता दुसरे चित्र. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी जगदलपूरमध्ये २१० माओवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांना गुलाबाचे फूल आणि राज्यघटनेची प्रत देऊन त्यांचे स्वागत झाले. शरण येणाऱ्याला तातडीची ५० हजार रुपयांची मदत, कौशल्य प्रशिक्षण, घर, जमीन अशा तरतुदी राज्याच्या धोरणात आहेत. दंतेवाड्यात २०२० पासून ‘लोन वर्राटू’ म्हणजे ‘घरी परत या’ ही मोहीम चालू आहे. हे धोरण चुकीचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. बंदूक सोडणाऱ्याला हात द्यायलाच हवा आणि बस्तरमध्ये शांतता यायची तर ती अशाच वाटेने येईल. मला इतकेच दिसते की, पुनर्वसन म्हणजे काय हे या राज्याला नेमके ठाऊक आहे. निवारा, कागदपत्रे, हुन्नर, हाती थोडी रक्कम आणि पाठपुरावा करणारा एक अधिकारी, हा सगळा आराखडा तयार आहे आणि तो राबवलाही जातो. मात्र ज्याने बंदूक कधी उचललीच नव्हती आणि तरीही पाच वर्षे आत काढली, किंवा ज्याने गुन्हा केला आणि न्यायालयाने ठरवलेली शिक्षा पूर्ण भोगली, त्या दोघांनाही या आराखड्यात जागा नाही. गावात एकाच आळीला हे दोन-तीन प्रकारचे लोक परततात, तेव्हा त्यांना आणि शेजाऱ्यांना यातून काय अर्थ लागत असेल?

गेल्या काही वर्षांत तुरुंगांतली गर्दी कमी करण्यासाठी कायदे झाले, हे मान्य करायला हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते आणि त्यांतील सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ने पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला, काही गंभीर गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर जामिनाची वाट मोकळी केली. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेत २०२३ मध्ये जामिनासाठी ४० हजार आणि दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. पण हा पैसा न्यायालयात जमा होतो आणि दार उघडते, इथवरच त्याची मजल. बाहेर काढण्याची तजवीज वाढली, बाहेर आलेल्याला सांभाळण्याची वाढली नाही. सुटकेनंतरच्या देखभालीची, सरकारी भाषेत ‘अनुरक्षणा’ची, जी तुटपुंजी व्यवस्था आहे, तीही बहुतांशी शिक्षा झालेल्यांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली. तुरुंगातले चारपैकी तीन जण तिच्या कक्षेबाहेरच राहतात.

हे कुणाच्या लक्षात आले नव्हते, असे नाही. १९१९-२०च्या भारतीय तुरुंग समितीने सुटलेल्या कैद्यांना मदत करणाऱ्या संस्थांची गरज सांगितली होती. १९५४मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाने समाजशास्त्रज्ञ एम. एस. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली याच एका विषयावर समिती नेमली. १९८३मध्ये न्या. मुल्ला समितीने आणि २०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीने पुन्हा तेच सांगितले. २०२३च्या आदर्श कारागृह कायद्यातही हा विषय आहे. शंभर वर्षांत शिफारस बदललेली नाही. कारागृहे हा राज्यसूचीतला विषय, म्हणून केंद्र आदर्श मसुदे पाठवते. राज्यात गृह खाते म्हणते, दाराबाहेरचा माणूस आमचा नाही. समाजकल्याण खाते म्हणते, तो अजून गृह खात्याच्या यादीत आहे. मी दोन्ही बाजूंच्या टिपण्या लिहिल्या आहेत आणि दोन्ही तितक्याच भाषाशुद्ध होत्या.

महाराष्ट्राच्या वाचकांना मी त्यांच्याच भूमीतली उदाहरणे सांगावीत हे थोडे विचित्र आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. मूळचे पोलंडचे असलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना, आणि पंतप्रतिनिधींनी ती उचलून धरली. कैद्यांनी कुटुंबासह राहायचे, शेती कसायची. ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा चित्रपट आपण सर्वांनी पाहिला, पण त्यामागची वसाहत आजही चालू आहे हे किती जणांना माहीत असते? २०२२ मध्ये येरवड्यात सुरू झालेली ‘जिव्हाळा’ योजना मला त्याहून महत्त्वाची वाटते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक कैद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज सात टक्के व्याजाने देते, तारण वा जामीनदार मागत नाही आणि हप्ता त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून वळता होतो. मुलीची फी किंवा आईचे औषधपाणी आतून भागवणाऱ्या माणसाला घर विसरत नाही. त्याची जागा राहते. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून तुरुंग, न्यायालय आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये समाजकार्यकर्ते उभे करतो. माझ्या राज्याला नवे काही शोधून काढायचे नाही.

कागद आणि पैसा यांच्यापलीकडचा अडथळा चारित्र्य पडताळणीचा. सुरक्षारक्षक, वाहनचालक, शाळेतला शिपाई, हल्ली घरपोच सामान देणारा मुलगासुद्धा, सर्वांना पोलिसांचा दाखला लागतो. ब्रिटनमध्ये १९७४च्या कायद्याने ठरावीक काळ गुन्ह्याविना गेला की बहुतेक जुन्या शिक्षा ‘संपल्या’ असे मानले जाते. आपल्याकडे अल्पवयीनांसाठी अशी तरतूद आहे आणि परिविक्षेवर सोडलेल्यांसाठी १९५८च्या कायद्यात मर्यादित संरक्षण आहे. शिक्षा भोगून आलेल्या प्रौढाला मात्र ती जन्मभर पुरते. निर्दोष सुटलेल्यालाही गुन्हा नोंदला गेल्याची ओळ चिकटलेली असते. चुकीच्या खटल्यांत भरडलेल्यांना भरपाई मिळावी, यासाठी विधी आयोगाने २०१८ साली २७७वा अहवाल दिला. तो धूळ खात आहे.

बायकांची स्थिती याहून बिकट. पुरुष सुटला की निदान आई दार उघडते. सुटलेल्या स्त्रीला अनेकदा माहेर आणि सासर दोन्ही बंद असतात. शक्ती सदनासारख्या केंद्राच्या निवारा योजनेत त्यांना जागा मिळू शकते, पण तुरुंगाच्या दारात त्यांना हे सांगायला कुणी उभे नसते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. बळी पडलेल्याचे काय? गुन्हेगाराच्या घराची चिंता करताना ज्याचे घर उद्ध्वस्त झाले त्याचा विसर पडू नये. कैद्याच्या मजुरीतला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढावा, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्येच मांडला होता आणि मला तो योग्य वाटतो. पण पुनर्वसन म्हणजे सत्कार नव्हे. २०२२ मध्ये बिल्किस बानो प्रकरणातील अकरा दोषींना मुदतीपूर्वी सोडून हार घालण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षामाफी रद्द केली. आपला समाज सुटलेल्या माणसाला स्वीकारतच नाही, असे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे. कुणाला हार घालायचा आणि कुणाला गावाबाहेर ठेवायचे, हे तो गुन्ह्यावरून नव्हे, तर माणसाच्या वजनावरून ठरवतो. राज्याचे काम आहे ते वजन न पाहता सर्वांना एकच किमान गोष्ट देण्याचे.

रायपूरपुरते बोलायचे तर सुरुवात फार खर्चाची नाही. पुढच्या तीन महिन्यांत कुणाची शिक्षा संपणार, याचा हिशेब कारागृहाकडे असतोच. ती यादी दर महिन्याला जिल्हाधिकारी कार्यालयात जावी. आधार, शिधापत्रिका, बँक खाते आणि जमिनीच्या नोंदी माणूस आत असतानाच तपासून दुरुस्त व्हाव्यात. निर्दोष सुटलेल्यांची आणि जामिनावर बाहेर आलेल्यांची कागदपत्रे सुटकेनंतर पंधरा दिवसांत व्हावीत, आणि त्यासाठी एका नायब तहसीलदाराचे नाव निश्चित असावे, म्हणजे ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ हा शेरा कुणाला उद्देशून आहे हे तरी कळेल. शरणागतांसाठीच्या प्रशिक्षण केंद्रांत यांनाही जागा द्यावी. बस्तरच्या माणसाला संध्याकाळी सोडावे लागले, तर रात्रीपुरती पथारी आणि सकाळच्या बसचे तिकीट. कारागृह आणि जिल्हाधिकारी कार्यालय एकाच शहरात, रिक्षाने काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. ती यादी घेऊन तेवढे अंतर जाण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.