मिशनरी कोणत्या बाजूला उभा होता?

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात काम केलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोन ठरावीक मते ऐकू येतात. एका मताने ते साम्राज्यशाहीचे हस्तक, तर दुसऱ्या मताने दीनदुबळ्यांची सेवा करणारे संत. दोन्ही मते सोयीची आहेत. कारण ती स्वीकारली की जमिनीचा आणि मजुरीचा हिशेब तपासण्याचे कष्ट वाचतात.

१८८८ सालचा एक प्रसंग पाहा. आज झिंबाब्वेत असलेल्या बुलावायो येथे ३० ऑक्टोबर रोजी न्देबेले लोकांचा राजा लोबेंगुला याने आपल्या मुलखातील खनिजांचे हक्क सेसिल ऱ्होड्सच्या माणसांना लिहून दिले. मोबदला ठरला तो दरमहा १०० पौंड, १,००० रायफली, १ लाख काडतुसे आणि झांबेझी नदीवर एक तोफनौका. करार इंग्रजीत होता आणि राजाला इंग्रजी वाचता येत नव्हते. दुभाषाचे काम लंडन मिशनरी सोसायटीचे चार्ल्स हेल्म यांनी केले. कामासाठी दहाहून अधिक गोरे येणार नाहीत, असे आश्वासन राजाला तोंडी देण्यात आले. ही गोष्ट खुद्द हेल्म यांनीच नमूद करून ठेवली आहे. मात्र करारपत्रात ते आश्वासन आले नाही. १८८९ मध्ये ऱ्होड्सच्या कंपनीला ब्रिटिश सनद मिळाली, १८९० मध्ये तिची सशस्त्र तुकडी शेजारच्या मशोनालँडमध्ये शिरली आणि १८९३ च्या युद्धात लोबेंगुलाचे राज्य बुडाले.

हेल्म व्यक्तिशः दुष्ट होते, असे मानण्याचे कारण नाही. या मिशनने १८५९ पासून तेथे ठाण मांडले होते, तरी धर्मांतर केलेले लोक मूठभरच होते. राजसत्ता मोडल्यावाचून धर्म रुजणार नाही, अशी अनेक मिशनऱ्यांची धारणा बनली होती. ज्याच्या शब्दावर राजाने विश्वास ठेवला, त्याचे हित राजाच्या हिताहून वेगळे होते, हे या प्रकरणाचे मर्म आहे.

आता दुसरी बाजू. केप प्रांतात स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८४१ साली लव्हडेलची शाळा सुरू केली. उपदेशक, शिक्षक आणि कारागीर तयार करावेत, एवढाच मूळ हेतू होता. परंतु शिकलेला माणूस देणाऱ्याच्या हेतूपाशी थांबत नाही. त्याच दशकात पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. लव्हडेलच्या परिसरातच १९१६ मध्ये फोर्ट हेअरचे महाविद्यालय निघाले आणि पुढे मंडेला व टँबो तेथे शिकले. १९१२ साली स्थापन झालेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष जॉन डुबे हेही अमेरिकन मिशनच्या शाळेचेच विद्यार्थी. चर्चच्या आतही हिशेब मागितला गेला. काळ्या धर्मोपदेशकांना मिळणाऱ्या दुय्यम वागणुकीला कंटाळून मंगेना मोकोने यांनी १८९२ मध्ये प्रिटोरियात वेस्लियन चर्च सोडले आणि स्वतंत्र इथिओपियन चर्च उभारले.

या शिक्षणातील धोका वर्णद्वेषी सरकारने अचूक ओळखला. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांच्या शाळा सरकारी नियंत्रणाखाली आणल्या. ही मुले मजुरीपुरतीच शिकावीत, हे त्यामागील धोरण मंत्री फेरवूर्ट यांनी लपवूनही ठेवले नाही. सरकारी अनुदानावाचून चालेना, म्हणून बहुतेक मिशनांनी शाळा सरकारच्या हवाली केल्या. जोहान्सबर्ग येथील सेंट पीटर्स शाळेत टँबो शिकले होते आणि त्यांनी तेथे अध्यापनही केले होते. ट्रेव्हर हडल्स्टन यांच्या धर्मसंघाने मात्र हे धोरण राबविण्यापेक्षा ती शाळा बंद करणे पसंत केले. बायबल हेल्म यांच्या हातात होते आणि हडल्स्टन यांच्याही. फरक पडला तो कोणाच्या बाजूने उभे राहावयाचे, या निर्णयाने.

आपल्या कार्यकर्त्यांनी या इतिहासाकडे परक्याचा म्हणून पाहू नये. आदिवासी पाड्यावर किंवा धरणग्रस्तांच्या बैठकीत आपणही दुभाषेच असतो. साहेबाचे म्हणणे गावाला आणि गावाचे साहेबाला आपण सांगतो. लोक आपल्या शब्दावर अंगठा उठवितात. म्हणून बैठकीत तोंडी ठरलेले कागदावर जसेच्या तसे उतरले आहे ना, हे अंगठा उठण्यापूर्वी वाचून दाखविणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.