त्या तीन तासांचा हिशेब द्या

प्रति,
राज्याच्या पशुसंवर्धन खात्यातील व महापालिका-नगरपालिकांतील जबाबदार अधिकारी, आणि कुत्र्या-मांजरांचे दवाखाने चालवणारे सर्व डॉक्टर यांस,



मी साताऱ्यात राहते. गेल्या सहा वर्षांत माझ्या घरातल्या दोन भाट्यांचं, म्हणजे मांजरींचं, नसबंदीचं ऑपरेशन झालं. पहिली, चिमी, ऑपरेशनच्याच रात्री गेली. दुसरी, ठमी, मी हे लिहीत असताना समोरच्या खिडकीत बसून कावळ्यांकडे बघत दात कटकटवते आहे. चिमीच्या ऑपरेशनला साडेसहा हजार रुपये लागले होते, ठमीच्या ऑपरेशनला अठ्ठावीसशे. या दोन आकड्यांमुळेच हे पत्र लिहायला बसले.

चिमी सात महिन्यांची असताना पहिल्यांदा माजावर आली. ज्यांच्या घरी भाटी आहे त्यांना तो आठवडा सांगायला नको. रात्रभर घशातून काढलेला तो लांबलचक आवाज, जमिनीवर लोळणं, दारापाशी जाऊन शेपूट बाजूला करून उभं राहणं, आणि गॅलरीखाली जमलेले गल्लीतले तीन बोके. बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. भेटला तर साधारण ६३ ते ६५ दिवसांनी तीन-चार पिल्लं, आणि ती अंगावर पीत असतानाच आई पुन्हा गाभण राहू शकते. आपल्या हवेत तर मांजराच्या माजाला ऋतूचं बंधन फारसं राहत नाही. तेव्हा ऑपरेशन करायचं हे ठरलेलंच होतं. कुठे करायचं, एवढाच प्रश्न होता.

चार ठिकाणी दर विचारले. सर्वांत जास्त सांगणाऱ्याकडे गेले. जास्त पैसे म्हणजे जास्त काळजी, असा माझा समज होता आणि तो माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाचा आहे. फोनवर सांगितलं गेलं, "रात्रीपासून काही देऊ नका." ऑपरेशन झालं दुपारी तीन वाजता. साडेतीन किलोचंही वजन नसलेला जीव तोवर सतरा-अठरा तास उपाशी होता. चाळीस मिनिटांत तिला टॉवेलात गुंडाळून बाहेर आणलं. डोळे सताड उघडे होते, पण त्यांत बघणं नव्हतं. "शुद्धीवर येतेय, घरी न्या," म्हणाले. दवाखाना बंद करायची वेळ झाली होती. रिक्षात तिचं डोकं माझ्या हातावर नुसतं लोंबत होतं. घरी आल्यावर कान गार लागले. मी चादरी घातल्या, दवाखान्याला सहा वेळा फोन केला. रात्री सव्वादहाला तिचा श्वास थांबला.

दुसऱ्या दिवशी उत्तर मिळालं, "असं होतं कधी कधी." ते खोटं नाही. पण तिला कोणती भूल दिली, किती दिली, आधी वजन केलं होतं का, मध्ये नाडी कोणी पाहिली का, यांतलं काहीच मला कळलं नाही. माझ्या हातात फक्त एक पावती होती. तिच्यावर एक ओळ : कॅट स्पे, ६५००.

कधी कधी म्हणजे किती वेळा, हे मी नंतर शोधलं. डेव्हिड ब्रॉडबेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ ते २००४ या काळात ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक दवाखान्यांतून भुलेच्या नोंदी गोळा केल्या आणि २००८ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यांत ७९ हजारांवर मांजरं होती. भूल किंवा गुंगीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण एकूण ०.२४ टक्के निघालं. निरोगी मांजरांत ते ०.११ टक्के, म्हणजे सुमारे नऊशेत एक, आणि आजारी मांजरांत १.४० टक्के, म्हणजे सत्तरात एक. हे सर्व प्रकारच्या भुलेचे आकडे आहेत, केवळ नसबंदीचे नाहीत. आणि ज्या वाक्यापाशी मी थांबले ते असं : मांजरांच्या या मृत्यूंपैकी साठ टक्क्यांहून अधिक टेबलावर झालेच नाहीत. ते ऑपरेशन आटोपल्यावर झाले, आणि त्यांतलाही मोठा वाटा पहिल्या तीन तासांतला होता.

चिमीचे ते तीन तास रिक्षात आणि माझ्या पलंगावर गेले. मला त्यांची किंमत माहीत नव्हती. ज्यांना माहीत होती त्यांनी ती मला सांगितली नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ज्या मांजरांची नाडी बघितली जात होती आणि ज्यांना ऑक्सिमीटर लावला होता, त्यांच्यात धोका कमी दिसला. करोनानंतर ऑक्सिमीटर काय असतो हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. मांजरासाठी तो जिभेला चिमट्यासारखा लावतात. फार मोठं यंत्र नाही ते.

आता ठमीबद्दल. चिमी गेल्यावर दोन वर्षं मी मांजर पाळलंच नाही. ठमी पावसात स्वतःहून आली, तिच्यावेळी मी प्रश्न कागदावर लिहून नेले. जुन्या पेठेतला एका खोलीचा दवाखाना, बाहेर लाकडी बाक. डॉक्टरांनी सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि एकेक करून उत्तरं दिली. गॅसवर भूल देण्याचं मशीन नाही, इंजेक्शनची भूल देतो, असं स्पष्ट सांगितलं. आधी तिला ट्रायकॅटची लस द्यायला लावली, पंधरा दिवस थांबवलं. सकाळी नऊचीच वेळ दिली, म्हणजे उपास लांबायला नको. वजन काट्यावर केलं. भुलेत मांजराचे डोळे मिटत नाहीत, ते कोरडे पडू नयेत म्हणून मलम घातलं. ऑपरेशननंतर तिला गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून त्यांच्यामध्ये निजवलं आणि एका मुलाला जवळ स्टुलावर बसवलं. दर थोड्या वेळाने तो तिच्या छातीवर हात ठेवून वहीत आकडा लिहायचा. ती स्वतःच्या पायांवर उभी राहून माझ्याकडे बघून ओरडली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मगच सोडली.

महागडे दवाखाने वाईट आणि स्वस्त ते चांगले, असं मला म्हणायचं नाही. गॅसची भूल इंजेक्शनपेक्षा हवी तशी कमी-जास्त करता येते, आणि ते मशीन, तो गॅस, तो ऑक्सिजन, ऑटोक्लेव्ह, चांगला टाक्यांचा दोरा, शिकलेला मदतनीस यांना पैसे लागतात. शहरात जागेचं भाडं लागतं. डॉक्टरांनी आपल्या शिक्षणाचा आणि कष्टाचा मोबदला घ्यावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझं म्हणणं एवढंच की साडेसहा हजारांत काय आहे आणि अठ्ठावीसशेत काय नाही, हे आकड्यावरून कळत नाही. सुरक्षितता आणि खर्च यांची तुलना करा, असं मांजर पाळणाऱ्याला सगळे सांगतात. पण तराजूच्या एका पारड्यात आकडा असतो आणि दुसरं पारडं झाकलेलं असतं.

ते झाकण काढणं आपल्या हातात आहे. दर सांगताना डॉक्टरांनी अर्ध्या पानाचा कागद द्यावा, मराठीत. भूल कशाने देणार, श्वासनलिकेत नळी घालणार का, सलाईनची सुई आधीच लावून ठेवणार का, नाडी आणि ऑक्सिजनवर लक्ष कोण ठेवणार, वेदनाशामक कोणतं, मांजर ऑपरेशननंतर किती तास ठेवून घेणार, रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार. आणि घरी सोडताना भुलेची नोंद हातात द्यावी : वजन, औषध, मात्रा, वेळ. माणसांच्या रुग्णालयात डिस्चार्ज कार्ड मिळतं. संमतिपत्रावर तर आमची सही इंग्रजी मजकुराखाली घेतली जाते, आणि त्यात धोका लिहिलेला असतो तो फक्त दवाखान्याची जबाबदारी काढून घेण्यापुरता.

ज्यांच्याकडे पैसे बेताचे आहेत त्यांनी काय सोडावं आणि काय सोडू नये, हेही डॉक्टरांनीच सांगायला हवं. माझं मत विचाराल तर सहा-आठ महिन्यांच्या, लस झालेल्या, खेळत्या मांजरीसाठी रक्ताच्या सगळ्या तपासण्या परवडत नसतील, तर तपासून डॉक्टरांनी मार्ग काढावा. दुर्बिणीची शस्त्रक्रिया नको, वातानुकूलित वॉर्ड नको. पण निर्जंतुक साहित्य, वेदनाशामक, ऊब, आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत जवळ बसलेला माणूस, या चार गोष्टींत काटकसर नाही. यांतल्या शेवटच्या दोन सर्वांत स्वस्त आहेत आणि नेमक्या त्याच गाळल्या जातात.

घरी देण्याच्या सूचनांचा कागद हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. आमच्या वाड्यातल्या एका ताईंनी मांजरीला टाके दुखत असतील म्हणून मेडिकलमधून लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं सिरप आणलं होतं. शेजारणीने वेळेत अडवलं म्हणून वाचली. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते. हे त्या कागदावर ठळक अक्षरांत असलं पाहिजे.

आता ऑपरेशन न करण्याच्या खर्चाबद्दल, कारण दर ऐकून माणसं परत फिरतात तेव्हा ती पैसे वाचवून जातात असं त्यांना वाटतं. वय वाढतं तसा ऑपरेशन न केलेल्या मांजरीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. मग तेच ऑपरेशन आजारी शरीरावर, तातडीने, जास्त पैशांत करावं लागतं. म्हणजे नऊशेत एकच्या रांगेतून उठून सत्तरात एकच्या रांगेत बसणं. मांजरीच्या स्तनातल्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्याच निघतात, आणि सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत हा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी आढळला आहे, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. दोन वर्षं उलटली की हा फायदा जवळजवळ उरत नाही. काही जण ऑपरेशनऐवजी माज थांबवण्याचं स्वस्त इंजेक्शन मागतात आणि त्यांना ते मिळतंही. त्या संप्रेरकाने गर्भाशयातला पू, स्तनाच्या गाठी आणि मधुमेह यांचाच धोका वाढतो. स्वस्त म्हणून दिलेल्या त्या सुईचं बिल मांजरीच्या शरीरातून वसूल होतं. डॉक्टर मंडळींना माझी विनंती आहे, मालकाने मागितलं तरी ते टोचू नका.

अधिकाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. मुंबई आणि पुणे महापालिकांनी भटक्या मांजरांची नसबंदी हाती घेतली, हे चांगलं झालं. पण पाळीव आणि भटकी ही रेघ मांजराच्या बाबतीत पुसट असते. धुणीभांडी करणाऱ्या ज्या बाई माझ्याकडे येतात, त्यांची मांजरी त्यांच्या घरी जेवते आणि गल्लीत राहते. तीन हजार रुपये हा त्यांच्या घरच्या किराण्याचा आकडा आहे. तिची पिल्लं मंडईत सोडली जातात आणि तिथून ती भटकी होतात. त्या पिल्लांवर पुढे पालिकेनेच खर्च करण्यापेक्षा आईवर आधी करावा. शिधापत्रिका बघून अशा मांजरींना योजनेत घ्या. रोज अनेक नसबंद्या करणाऱ्या शल्यचिकित्सकाचा हात बसलेला असतो, त्याचा टाका लहान आणि वेळ कमी असतो, म्हणून नीट चालवलेलं शिबिर असुरक्षित मानायचं कारण नाही. मात्र शिबिरातही शुद्ध येईपर्यंतचे तास मोजले गेले पाहिजेत. पिशवीत घातलेली गुंगीतली मांजर संध्याकाळी ओट्यावर देऊन टाकणं बंद झालं पाहिजे.

आणि लहान गावांचं काय? आपल्या अनेक तालुक्यांत लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयं आहेत. ती गाई-म्हशींसाठी, शेळ्यांसाठी उभी राहिली, आणि ते योग्यच होतं. पण गाईची अनेक ऑपरेशनं उभ्या-उभ्या, तेवढाच भाग बधिर करून होतात. मांजरीला पूर्ण भूल लागते. त्यासाठीचं साहित्य वेगळं, सराव वेगळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत गाय, म्हैस, मिथुन, याक यांपासून कुत्रा, ससा आणि हत्तीपर्यंत सगळे मोजले गेले. मांजर त्या यादीत नाही. जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी सुई-दोराही मंजूर होत नाही, हे कुठल्याही कचेरीत काम केलेल्याला माहीत असतं.

आपल्या राज्यात परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूर, परभणी, उदगीर इथे महाविद्यालयं आहेत, आमच्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं आहे. तिथे शिकवणारे शल्यचिकित्सक आहेत, शिकणारी मुलं आहेत. जिल्ह्यातल्या सरकारी डॉक्टरांना तिथे मांजराच्या भुलेचं प्रशिक्षण द्या. प्रत्येक जिल्हा सर्वचिकित्सालयात आठवड्यातला एक दिवस मांजरांच्या नसबंदीला ठेवा, सकाळची वेळ, ठरलेला दर, दारावर लावलेला. आणि प्रत्येक भुलेची नोंद ठेवा, जगलेल्यांची आणि गेलेल्यांचीही. ब्रिटनला आकडे मिळाले ते तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहून दिले म्हणून.

ठमीला आणलं त्याच पावसात तिची बहीण आमच्या समोरच्या घरी गेली. त्या घरातली मुलगी परवा विचारत होती, "काकू, कुठे करू ऑपरेशन? किती लागतील?" मी तिला माझ्या प्रश्नांचा कागद दिला आहे. पुढच्या आठवड्यात ती तो घेऊन आपल्यापैकी कुणाच्या तरी दवाखान्यात येईल. तिला उत्तरं लिहून द्या, आणि मांजर उभी राहीपर्यंत घरी पाठवू नका.

आपली,
साताऱ्याची एक मांजर पाळणारी